किरातार्जुनीय, मुक्काम पोस्ट काटेवाडी

आमच्या दिवाणखान्यात, लग्नात आहेर म्हणून आलेल्या घड्याळाशेजारी, एक तीरकमठा टांगलेला आहे. तो मी कुठल्याही रणांगणावरून आणलेला नाही. नंदुरबारकडे एका लग्नाला गेलो होतो, तिथल्या बाजारात एका भिल्ल म्हाताऱ्याकडून विकत घेतला. घासाघीस मी केली आणि फसलोही मीच. माझ्या खरेदीचा हा नेहमीचा क्रम आहे. कमठा बांबूचा, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. बाणाला पुढे लोखंडी पातं आणि मागे पिसं. म्हाताऱ्याने दोन बोटांत दोरी धरून रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या बुंध्यात एक बाण बसवून दाखवला. मग मी प्रयत्न केला. बाण पुढे गेला नाही, दोरी मात्र माझ्या मनगटावर आली आणि सगळा बाजार हसला. मी रीतसर अंगठा लावून ओढत होतो. म्हाताऱ्याने अंगठा लावलाच नव्हता.

"तुम्ही अंगठा का लावत नाही?" मी विचारलं.

"आमच्यातल्या एकाने लावला होता," तो म्हणाला, आणि उरलेले पैसे मोजू लागला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी तीरकमठ्याकडे आणि माझ्या मनगटाकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "कोपऱ्यातली जळमटं काढायला काठी पुरत नव्हती." त्या दिवसापासून त्या बाणाने जळमटांशिवाय कशाचाही वेध घेतला नाही.

अशा स्थितीत काटेवाडीहून मामांचा फोन आला. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पाच-सहा मैलांवर काटेवाडी लागते. माझं आजोळ तिथलं. मामा म्हणाले, "डुकरांनी मका उकारला. काल टोकला, आज सरीत एक दाणा न्हाई. पालखीला येणार हाईस न्हवं? मग तुझा त्यो धनुष्यबाण घेऊन ये." मामा चेष्टा करत होते हे आता मला कळतं. तेव्हा कळलं नाही. रानडुकराची तीरकमठ्याने शिकार! ज्या माणसाने आयुष्यात झुरळही दुसऱ्याला बोलावून मारलं, त्याला याहून मोठी हाक कोणती?

स्वारगेटला एसटीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, "दसऱ्याला अवकाश आहे साहेब." सामानाचं तिकीट लावावं की अर्धं माणूस धरावं यावर त्याने थोडा विचार केला आणि शेवटी मला खिडकी बंद ठेवायला सांगितलं, बाणाचं टोक बाहेर जात होतं.

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघते ती विसाव्याला काटेवाडीत येते. गावचा परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो. दूधासारखी पांढरी धोतरं भर रस्त्यात अंथरायची आणि त्यांवरून पालखी न्यायची, हा मान त्यांचा. मग मेंढ्यांचं रिंगण. धनगर आपली मेंढरं घेऊन येतात आणि ती मेंढरं पालखीभोवती धावतात. एरवी मेंढरू म्हणजे बिनडोकपणाचा नमुना. पण त्या दिवशी ती अशी धावतात की वर्षभर तालीम केली असावी. पालखी पुढे सणसरच्या वाटेला लागली, रस्त्यावरची धूळ बसली, आणि मामा म्हणाले, "चल, रानात जाऊ. आता दुसरी पालखी यायची."

मामांच्या रानाचं दर्शन घेताच मी थबकलो. चारी बांधांना साड्या! मेढी रोवून त्यांना जुन्या साड्या आडव्या बांधलेल्या. दुपारी गावात धोतरांच्या पायघड्या पाहिल्या, संध्याकाळी हे साड्यांचं कुंपण. एक देवाला या म्हणायला, दुसरं डुकराला येऊ नको म्हणायला. त्या साड्यांत एक मला ओळखीची वाटली. मागच्या दिवाळीला आम्हीच मामींना दिली होती.

"तीच," मामी म्हणाल्या. "लई कामाची निघाली बघा. तिच्या बाजूनं डुक्कर येतच न्हाई."

साडीचा रंग सौभाग्यवतींनी निवडला होता. मी पुण्याला हे कळवलेलं नाही.

बांधावर काळं काहीतरी पसरलेलं होतं. ते न्हाव्याच्या दुकानातून आणलेले माणसांचे केस. डुकराची नजर बेताची, पण नाक पक्कं. माणसाचा वास आला की बिचकतं म्हणतात. मी माळ्यावर चढलो. चार मेढी, वर फळ्या, फळ्यांवर पोतं. शेजारी मामा, रिकामा तेलाचा डबा, बॅटरी आणि माझा तीरकमठा. अमावास्या नुकतीच झालेली, चंद्र नावापुरता. अशा वेळी झोप येऊ नये म्हणून माणूस भुताच्या गोष्टी सांगतो. मी डुकराच्या सांगितल्या. माझं वाचन दांडगं आहे आणि घरी ते कोणी ऐकत नाही.

म्हटलं, मामा, तीरकमठ्याने डुक्कर मारण्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट तुमच्या बारामतीत लिहिली गेली आहे. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेले मोरोपंत, जन्म १७२९, मृत्यू १७९४. त्यांनी सबंध महाभारत आर्येत आणलं. त्यातल्या वनपर्वात ही गोष्ट येते. अर्जुन अस्त्रं मिळवायला हिमालयात जातो. म्हणजे प्रवासातच असतो. तिथे मूक नावाचा राक्षस डुकराचं रूप घेऊन त्याच्यावर धावतो. अर्जुन गांडीवाला बाण लावतो, तेवढ्यात एक किरात, म्हणजे रानातला शिकारी, म्हणतो, थांब, हे सावज आधी मी हेरलंय. अर्जुन ऐकत नाही. दोघांचे बाण एकदमच लागतात. डुक्कर मरतं आणि भांडण जन्माला येतं. अर्जुन म्हणतो, मी टिपलेल्यावर बाण टाकलास, हा शिकारीचा धर्म नव्हे. किरात म्हणतो, मेलं ते माझ्या बाणाने. बाणांनी सुरुवात होते, मग तलवार, झाडं, दगड, शेवटी बुक्क्या. अर्जुनाचे न संपणारे भाते संपतात. तो मार खाऊन बेशुद्ध पडतो. मग कळतं की किरात म्हणजे साक्षात शंकर. अर्जुनाला पाशुपतास्त्र मिळतं.

मामांनी तंबाखू मळली. "आन ते डुक्कर घुसलं व्हतं कुणाच्या रानात?"

"रानात म्हणजे... हिमालयात."

"तिथं मका नसंल," मामा म्हणाले. "म्हणून त्यांना भांडायला सवड झाली."

मला म्हाताऱ्या भिल्लाची आठवण झाली. अर्जुनाची रानातल्या धनुर्धराशी गाठ पडली ती काही ही एकदाच नाही. त्याआधी पांडव एकदा शिकारीला गेले असता त्यांच्या कुत्र्याचं तोंड कोणीतरी बाणांनी बंद केलं होतं. तो एकलव्य. तिथेही अर्जुनाला आपल्याहून सरस कोणी असल्याचं खपलं नाही. पहिल्या वेळी समोरच्याचा अंगठा गेला. दुसऱ्या वेळी समोरच्याकडून अस्त्र मिळालं. कौशल्य दोघांचंही सारखं अस्सल. फरक इतकाच की दुसरा रानवाला देव निघाला.

ही डुकराची गोष्ट संस्कृतात भारवीने आधीच गाजवली होती. 'किरातार्जुनीय' नावाचं अठरा सर्गांचं महाकाव्य. त्यात डुक्कर पडल्यावर अर्जुन आपला बाण परत घ्यायला जातो, तर किराताचा दूत येऊन म्हणतो, बाण आमच्या मालकांचा. पुढे जे युद्ध होतं त्यात भारवीने एक श्लोक जवळजवळ एकाच व्यंजनात रचला आहे. एका डुकरावरून अठरा सर्ग! आमच्या ऑफिसात एका पंख्यावरून झालेली पत्रापत्री मला उगाचच मोठी वाटत होती. भारवीचं नाव ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात येतं. तो लेख बदामीच्या चालुक्य पुलकेशीचा. त्याच लेखात तीन महाराष्ट्रकांतल्या नव्याण्णव हजार गावांचा उल्लेख आहे. आणि या चालुक्यांची राजमुद्रा कोणती? वराह. ताम्रपटावर डुक्कर, नाण्यावर डुक्कर. विष्णूचा अवतार म्हणून ते त्यांनी कपाळी लावलं होतं.

"नव्याण्णव हजारांत आपली वाडी व्हती का?"

"नक्की सांगता येत नाही."

"असणार," मामा म्हणाले. "डुक्कर हाय म्हंजे वाडी असणारच."

पुढे त्यांच्याच नावाचं दुसरं घराणं कल्याणीला आलं. तिथला राजा तिसरा सोमेश्वर. त्याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय काय करावं याचा तो कोश. हत्ती कसे पकडावे, दागिने कसे घालावे, गाणं कसं ऐकावं; त्यात मराठी पद्याचे फार जुने नमुनेही सापडतात, म्हणून आपले पंडित त्याला डोक्यावर घेतात. पण त्याच ग्रंथात शिकारीचं प्रकरण आहे आणि स्वयंपाकाचंही. डुकराचे केस काढायला त्याच्यावर पांढरा कपडा घालून उकळतं पाणी ओतावं, इथपासून बारकाईने सांगितलं आहे. ज्याच्या मुद्रेवर वराह, त्याच्याच मुदपाकखान्यात वराह. सकाळी ज्याला साक्ष ठेवून जमिनीचं दानपत्र द्यायचं, दुपारी त्याचेच तुकडे दह्यात बुडवायचे की काय, हे मला नेहमी चमत्कारिक वाटतं. सौभाग्यवतींना वाटत नाही. "उपासाला रताळी खाताना तुम्ही कुठे त्यांना नमस्कार करता?" असं त्यांचं म्हणणं.

डुकराच्या शिकारीचा सगळ्यांत न्याय्य निवाडा मात्र एका कुत्र्याच्या वाट्याला आला. कर्नाटकात मंड्या भागात आतकूर नावाचं गाव आहे. तिथल्या ९४९-५० च्या वीरगळावर लिहिलं आहे की राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा मांडलिक बुतुग याने मणलेर नावाच्या आपल्या वीराला 'मागशील ते देतो' म्हटलं. मणलेराने काय मागावं? काळी नावाचं कुत्रं. ते एका दांडग्या डुकरावर सोडलं. दोघं एकमेकांना भिडली आणि दोघंही मेली. कुत्र्याच्या नावाने दगड उभा राहिला, त्याच्या पूजेसाठी जमीन दिली गेली.

"कुत्र्याला जमीन?" मामा उठून बसले. "सातबारा निघाला का?"

उसाच्या फडात काहीतरी वाजलं. मी कमठा उचलला. वारा होता.

मग साहेब आला. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि पुणे, नगर, जालना इथल्या छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना दख्खनचा माळ घोडदौडीला मोकळा झाला. त्यांची डुकराची शिकार घोड्यावरून, भाल्याने. त्यातही पंथ होते. बंगालवाले आखूड भाला वरून खाली मारायचे, मुंबई इलाख्यातले लांब भाला खालून धरायचे, आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजायचे. जिथे घोडा धावू शकतो तिथे डुकराला गोळी घालणं म्हणजे सभ्य समाजातून उठणं. गंमत म्हणजे अर्जुन आणि किरात यांचा तंटा या लोकांनी एका वाक्यात मिटवला होता: ज्याच्या भाल्याने पहिलं रक्त काढलं, त्याचे सुळे. बाकी कोणी नंतर कितीही भोसकलं तरी त्याला फक्त घाम. मेरठच्या बाजूला यासाठी कादिर कप नावाची स्पर्धा भरायची. १८८३ मध्ये ती बेडन पॉवेल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जिंकली आणि १८८९ मध्ये या शिकारीवर पुस्तकही लिहिलं. पुढे बालवीर चळवळ काढली ते हेच गृहस्थ. शाळेत खाकी चड्डी घालून रोज एक सत्कृत्य करताना आम्हांला याची काही कल्पना नव्हती.

आणि तीरकमठेवाले? खानदेशात १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावला भिल्लांची पलटण उभारली. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो मुख्यतः त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊन. पण शिकारीतली मैत्री कायद्याच्या पुस्तकात उतरत नाही. १८७८ साली दोन कायदे आले. एक जंगलाचा: राखीव रानात नियमाबाहेर शिकार गुन्हा. दुसरा हत्यारांचा. त्यात हत्यारं कोणती याची यादी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, भाले, तोफा, आणि त्याच रांगेत धनुष्यबाण. ज्या बांबूच्या फोकेवर भिल्लाचं पोट, ती एकदम तोफेच्या पंगतीला जाऊन बसली. साहेबाचा भाला तो खेळ आणि भिल्लाचा बाण तो गुन्हा, हा अंगठा कापण्याचा नवा प्रकार होता. या वेळी गुरुदक्षिणा कागदावर मागितली, एवढंच.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्या साऱ्यात ज्याचं पीक गेलं त्यो कुठं हाय?"

मी आठवून पाहिलं. राजा आहे, देव आहे, साहेब आहे, शिकारी आहे, कवी दोन आहेत, कुत्रंसुद्धा आहे. शेतकरी नाही. हाकारे म्हणून रान उठवायला असेल. बाकी कुठे नाही.

"मग आत्ता कुणाचं हाय, ते तरी सांग."

ते मात्र मला पाठ होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुक्कर मारता येत नाही. नुसतं मारणंच नव्हे, मारण्याचा प्रयत्न म्हणजेही शिकारच. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी लेखी परवानगीची सोय त्यात आहे, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डुकरांच्या आणि नीलगायींच्या बाबतीत ती वाट जरा रुंदही केली. पण परवानगीने मारलं तरी मेलेलं डुक्कर सरकारच्या मालकीचं. नुसतं मेलेलं सापडलं तरी सरकारचं.

"म्हंजे मेलं की सरकारचं," मामा म्हणाले, "आन जितं हाय तवर माझं. खाऊ घालायला." भरपाईसाठी त्यांनी गेल्या साली अर्ज केला होता. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी विचारलं होतं, डुकरानेच खाल्लं कशावरून? मामांनी पावलं दाखवली. रात्रीतून पाऊस पडला आणि पुरावा वाहून गेला.

मामांना डुकराचा रागही धड नव्हता. त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं ते सांगू लागले: हा सगळा कोरडा माळ होता, हरणं आणि लांडगे यांचा. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या मागोमाग ऊस. पुढे वालचंदनगर झालं, भवानीनगरचा कारखाना झाला. ऊस म्हणजे डुकराला सावली, पाणी, घर आणि जेवण एकाच पत्त्यावर. वर्षभर कोणी आत शिरत नाही. "आपणच बंगला बांधला," मामा म्हणाले, "आन आता म्हणायचं पावणे जात न्हाईत."

अडीचच्या सुमाराला ती आली. आधी फडात कचकच, मग थांबून फुरफुर. मामांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि बॅटरी मारली. साड्यांच्या कुंपणाला जिथे फट होती तिथून एक डुकरीण आत येत होती. पाठीवर राठ केसांची आयाळ, आणि मागे पाच-सहा पिल्लं, अंगावर पट्टे असलेली, एकामागे एक, शाळेच्या सहलीसारखी. ती आमच्याकडे पाहत उभी राहिली. मोजून वीस पावलं. आजवर अर्जुनाला एवढं सोपं सावज मिळालं नसेल.

मी बाण लावला. या वेळी अंगठा न लावता. दोरी छातीपर्यंत आली आणि कुठेही आपटली नाही. आयुष्यात प्रथमच माझ्या हातून काही तरी बरोबर होत होतं. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की या क्षणी, बाण सुटायच्या आधीच, मी गुन्हेगार आहे. दुसरी गोष्ट लक्षात आली ती अधिक वाईट होती. बाण सुटला तर लागेल.

"ठेव खाली," मामा म्हणाले. "आज पालखी गेली गावातनं. आज न्हाई." मग थोड्या वेळाने, "आन बारकी हाईत रं."

या माणसाचा सबंध मका तिने एकदा खाल्ला होता.

मी दोरी सैल केली. मामांनी माझ्या हातातून कमठा काढून घेतला आणि तेलाचा डबा त्याने असा बडवला की नंदुरबारपर्यंत ऐकू गेलं असेल. डुकरीण वळली, पिल्लं वळली, शेजारच्या फडात शिरली. क्षणभर शांतता. मग तिकडून दुसरा डबा वाजला. मग त्याच्या पलीकडे तिसरा. डब्यांचा आवाज कालव्याच्या कडेने लांब लांब जात राहिला, दुपारी पालखी गेली त्याच दिशेला.

"झालं," मामा पोत्यावर आडवे होत म्हणाले. "आता ते सणसरकरांचं."

भारवीला अठरा सर्ग लागले, त्याचा निवाडा मामांनी तीन शब्दांत केला. पहिला बाण कोणाचा, पहिला भाला कोणाचा, मेलेलं कोणाचं, हे सगळे वाद रानाबाहेरच्यांचे. डुक्कर ज्याच्या शेतात उभं आहे त्याचं. आणि ते त्याला नको असतं.

सकाळी पाहिलं तर डबा वाजायच्या आतच चार सऱ्या उकरल्या गेल्या होत्या. मामींनी बियाण्याची पिशवी आणली. पिशवीत उरलेलं किती ते हाताने तोलून त्यांनी मामांकडे पाहिलं आणि मामांनी दुसरीकडे पाहिलं. पिशवी किती पैशांची ते मी विचारलं, तेव्हा दोघांनीही चहाचं विचारलं. मग टोकणीला बसलो. खुरपं एकच होतं. मामांनी इकडेतिकडे शोधलं आणि माझा बाण उचलला. "हे टोक बरं हाय," ते म्हणाले. दुपारपर्यंत मी वाकून त्या बाणाने भोकं पाडत होतो, मामी मागून दाणे टाकत होत्या. त्या लोखंडाला जळमटांनंतर प्रथमच माती लागली.

रात्री पुण्याला पोचलो. पाठ सरळ होत नव्हती. दार उघडताच सौभाग्यवतींची नजर चिखलाने भरलेल्या बाणाकडे गेली आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

"अहो! लागलं की काय?"

"लागलं," मी म्हणालो. "दीड गुंठा मका."